तारखेचे पाचशे आणि आपली वही

पातूर तालुक्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या बचत गटांच्या बायांशी आज आम्ही वकिलाच्या फीबद्दल बोलणार आहोत.

काहीजणी म्हणतील, आमच्या घरी कोर्टाचं काही नाही, आम्हाला हे कशाला? पण आपल्याच गटाची कर्जवही काढून कारणाचा रकाना वाचा. बी-बियाणं, दवाखाना, शाळेची फी, लग्न, आणि मधेच कुठेतरी एक शब्द सापडतो, ‘कोर्ट’. पोटगी, वाटणी, बांधाचं भांडण, अपघाताची भरपाई, काहीही असो. बाईनं कोर्टासाठी घेतलेलं कर्ज म्हणजे साऱ्या गटाची बचत त्यात गेली. म्हणून हा विषय सगळ्यांचाच आहे.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट आधी सांगतो. नाव सांगत नाही, वकिलाचंही सांगत नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढल्यावर ताई दोन लेकरं घेऊन माहेरी आली आणि पोटगीचा दावा केला. वकिलानं सुरुवातीला सात हजार घेतले. पाच हजार फी आणि दोन हजार ‘स्टॅम्प, टायपिंग’ म्हणून. त्यानंतर प्रत्येक तारखेला पाचशे. मधे एकदा साक्षीपुराव्याचे म्हणून तीन हजार. सव्वीस महिन्यांत एकोणीस तारखा झाल्या. तारखांचे साडेनऊ हजार, बाकीचे दहा हजार. एकूण साडेएकोणीस हजार रुपये गेले, त्यातले पंधरा हजार गटाकडून तीन वेळा घेतलेलं कर्ज. पोटगीचा एक रुपया तोवर हातात आला नव्हता.

ताई निंदणाला, वेचणीला जाते. एका तारखेचे पाचशे म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी. शिवाय तारखेच्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी, एस.टी.चं तिकीट वेगळं.

चौथ्यांदा कर्ज मागायला आली तेव्हा आम्ही विचारलं, “आतापर्यंत कोर्टात झालं काय काय?” ताई म्हणाली, “मले काय समजते? तारीख भेटते, मी पैसे देतो, घरी येतो.” “पावती?” “वकिलाले पावती कशी मागू? नाराज झाले तं केस कोण चालवीन?”

आम्ही गटाची वही उघडली. तीनही कर्जांपुढे आम्हीच लिहिलं होतं, ‘कोर्ट’. एवढंच. बियाण्याच्या कर्जाला आम्ही विचारतो, किती बॅगा, कोणतं वाण. दवाखान्याला चिठ्ठी पाहतो. कोर्टाला मात्र आम्ही काही विचारलं नव्हतं. ताईला भीती वाटली ते कळतं. पण आम्हीही तीन वेळा सही करून मोकळ्या झालो होतो.

फी किती प्रकारांनी मोजतात

वकिलाची फी किती असावी हे आपल्या खाजगी खटल्यासाठी कायद्यानं ठरवून दिलेलं नाही. ती वकील आणि अशील आपसात ठरवतात. म्हणून ठरवतानाच डोळे उघडे ठेवावे लागतात. मोजण्याचे प्रकार साधारण चार.

पहिला, गुत्ता. पूर्ण केसचे अमुक इतके, सुरुवातीला काही, साक्षीच्या वेळी काही, निकालाच्या आधी काही. आपल्यासारख्यांना हा सोपा पडतो, कारण आकडा आधीच कळतो.

दुसरा, तारखेप्रमाणे. आपल्याकडे हाच जास्त चालतो. यात अडचण अशी की तारखा किती पडतील हे कोणालाच माहीत नसतं. काम झालं नाही तरी तारीख पडते आणि तारीख पडली की पैसे लागतात. केस लांबली तर खर्च आपला वाढतो.

तिसरा, तासाप्रमाणे. हा आपल्या तालुक्यात दिसत नाही. मोठ्या शहरांत मोठ्या कंपन्यांचं काम करणारे वकील असं बिल लावतात. अमेरिकेत ही पद्धत घट्ट रुजली. तिथल्या वकिलांच्या संघटनेनं, अमेरिकन बार असोसिएशननं, १९५८ साली एक पुस्तिका काढून वकिलांना वेळेची नोंद ठेवायला सांगितलं होतं. पुढे तासाचे दहा भाग करून सहा-सहा मिनिटांचं बिल लावण्याची चाल पडली. फोनवर दोन मिनिटं बोललं तरी बिलात सहा मिनिटं. मग तिथल्या अशिलांच्याही तक्रारी सुरू झाल्या. १९९३ साली त्याच संघटनेनं आपल्या वकिलांना बजावलं की एकच तास दोन अशिलांना लावायचा नाही. एका सकाळी एका कोर्टात तीन अशिलांसाठी मिळून चार तास गेले, तर तिघांकडून मिळून बारा तासांचे पैसे घेता येणार नाहीत.

अमेरिकेचा नियम आपल्या कोर्टाला लागू नाही. पण मुद्दा आपल्याही कामाचा आहे. वकील साहेब एकाच गाडीनं जिल्ह्याला गेले आणि त्या दिवशी त्यांच्याकडे पाच गावच्या पाच बायांच्या तारखा असल्या, तर गाडीभाडं पाचहीजणींकडून पूर्ण घ्यायचं का वाटून? हे विचारण्यात काही वावगं नाही.

चौथा प्रकार टक्केवारीचा. ‘आता काही देऊ नका, भरपाई मिळाली की तीस टक्के माझे.’ अपघाताच्या आणि जमिनीच्या मोबदल्याच्या केसमध्ये असं बोललं जातं. ऐकायला गोड वाटतं, कारण आज खिशातून काही जात नाही. पण आपल्या देशात वकिलाला असं करण्याची मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या वर्तन-नियमांत विसावा नियमच हा आहे की फी निकालावर अवलंबून ठेवायची नाही आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायचा नाही. हे जुनं तत्त्व आहे. मुंबईच्या एका वकिलानं अशिलाशी मिळणाऱ्या रकमेतला अर्धा वाटा घेण्याचा करार केला होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं ते व्यवसायाला न शोभणारं वर्तन ठरवलं. तेव्हा टक्क्याचा कागद समोर आला तर सही करू नका.

आपला हक्क कोणता

वकिलाला हिशोब विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. पण हिशोब ठेवणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे, आणि ते त्यांच्याच नियमांत लिहिलेलं आहे.

अशिलानं दिलेल्या पैशाचा हिशोब वकिलानं ठेवला पाहिजे. कोणाकडून किती आले, कशावर किती गेले, तारखेसह. फी म्हणून किती घेतले आणि खर्चासाठी किती, हे वेगळं दाखवलं पाहिजे. केस चालू असताना खर्चासाठी दिलेले पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीमध्ये वळवता येत नाहीत. अशिलानं मागितली तर हिशोबाची नक्कल द्यावी लागते. आपल्या वतीनं समोरच्याकडून काही रक्कम वकिलाकडे आली, तर ते आपल्याला लवकरात लवकर कळवावं लागतं. वकिलानं मधेच केस सोडायची ठरवली तर पुरेसं कारण आणि आधी सूचना हवी, आणि जेवढं काम केलं नाही तेवढी फी परत करावी लागते.

हे नियम वाचून आम्हाला आपल्या गटाचीच आठवण झाली. साप्ताहिक बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब. सचिवाला आपण दर बैठकीला विचारतो, शिल्लक किती? सचिवाला राग येत नाही. मग वकिलाला विचारताना आपली मान खाली का जाते?

खिशातून न देता काय मिळतं

आता जे सांगतो ते वहीत लिहून घ्या. आमच्या ताईला हे आधी माहीत असतं तर तिचे बरेच पैसे वाचले असते.

पहिली गोष्ट, मोफत वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या बाराव्या कलमात मोफत कायदेशीर मदत कोणाला ते दिलं आहे, आणि त्यात ‘स्त्री’ हा शब्द आहे. गरीब स्त्री, विधवा स्त्री असं काही नाही. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला वकील मोफत मिळतो. जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर अर्ज चालतो. केस आधीच चालू असली तरी मधे अर्ज करता येतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे, त्याला पैसे लागत नाहीत. असा नेमून दिलेला वकील तुमच्याकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. ‘वरचे थोडे द्या’ म्हणाला तर त्याच प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करायची.

आमची ताई एकोणीस वेळा कोर्टाच्या आवारात गेली. ही पाटी असलेल्या दारासमोरूनच जात होती. कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

दुसरी गोष्ट, कोर्ट फीचा स्टॅम्प. महाराष्ट्र शासनानं १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं बायांना काही प्रकरणांत कोर्ट फी माफ केली आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नसंबंधातून आलेले मालमत्तेचे वाद त्यात येतात. म्हणजे पोटगीच्या दाव्यात कोणी ‘कोर्ट फी स्टॅम्पचे’ म्हणून मोठी रक्कम मागितली, तर विचारायचं, कोणता स्टॅम्प? टायपिंग, झेरॉक्स, समन्स बजावणी यांचा खर्च होऊ शकतो, पण तो तसा वेगळा सांगावा.

तिसरी गोष्ट, केसचा खर्च नवऱ्याकडून. पोटगीचं जुनं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम १४४ झालं. निकाल लागेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि त्यासोबत केस चालवण्याचा खर्च, दोन्ही मागता येतात. असा अर्ज समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, “साहेब, अंतरिम पोटगीचा आणि केस-खर्चाचा अर्ज टाकला का?”

तारीखवही

ताईच्या केसचं काय झालं ते आता सांगतो. तिची मुलगी अकरावीला आहे. आम्ही तिच्या मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप घेतलं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. वकिलाकडून किंवा कोर्टाच्या कार्यालयातून तो घ्यायचा आणि ॲपमध्ये टाकायचा. मग केस कधी दाखल झाली, कोणत्या तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती आणि कशासाठी, हे दिसतं. मोबाईलवर नीट दिसलं नाही तर कोर्टात अर्ज करून रोजनाम्याची नक्कल घेता येते. त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद म्हणजे रोजनामा.

मुलीनं इंग्रजीतून वाचलं आणि आम्ही मराठीत लिहिलं. एकोणीस तारखांपैकी सहा तारखांना काहीतरी काम झालं होतं. पाच वेळा न्यायाधीश रजेवर होते. चार वेळा समोरच्या वकिलानं मुदत मागितली. आणि चार वेळा मुदत मागितली होती आपल्याच वकिलानं. त्या चारही तारखांचे पाचशे-पाचशे ताईनं दिले होते. अंतरिम पोटगीचा अर्ज दाखल होता, पण तो चालवा असं कोणी जोर देऊन म्हटलेलं दिसत नव्हतं. केस-खर्च तर मागितलाच नव्हता.

त्या दिवसापासून आम्ही एक साधी वही केली. पन्नास पानी, शाळेची. सहा रकाने आखायचे.

तारीख.
कोर्टात आज काय झालं.
वकील हजर होते की नाही, की दुसऱ्या कोणाला पाठवलं.
किती पैसे दिले आणि कशाचे, फीचे की खर्चाचे.
पावती, किंवा फोनवरून पाठवल्याची नोंद.
पुढची तारीख आणि ती कशासाठी.

ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्यासाठी गटातली दुसरी लिहील. पैसे शक्यतो फोन पे नाहीतर बँकेतून द्या, म्हणजे नोंद आपोआप राहते. रोख दिले तर त्याच वहीत मुन्शीची सही घ्या. “गटात दाखवायचं आहे साहेब, गटाचं कर्ज आहे” असं म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही. आणि ते खरंही आहे.

बोलायचं कसं

हिशोब घ्यायला ताईसोबत आम्ही दोघीजणी गेलो. वकील साहेब आधी रागावले. “एवढा विश्वास नसेल तर दुसरा वकील करा,” म्हणाले. आम्ही भांडलो नाही. एक चिठ्ठी लिहून नेली होती ती दिली आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती चिठ्ठी अशी होती:

‘माननीय वकील साहेब, माझ्या पोटगीच्या केसमध्ये आपल्याला आजपर्यंत रुपये १९,५०० दिले आहेत. त्यातले फीचे किती, खर्चाचे किती आणि खर्च कशाकशावर झाला याचा तारीखवार हिशोब कृपया पंधरा दिवसांत द्यावा. अंतरिम पोटगीचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे तेही कळवावं. आपली अशील.’

चिठ्ठीत आरोप नाही, धमकी नाही. फक्त विचारणा आहे. दहा-बारा दिवसांनी साहेबांनीच बोलावलं. त्यांचं म्हणणंही आम्ही ऐकलं. न्यायाधीश रजेवर असले तरी ते सकाळी कळतं, तोवर मी कोर्टात पोचलेला असतो, माझा दिवस गेलेलाच असतो, असं ते म्हणाले. हे आम्हाला पटलं. आपणही निंदणाला वावरात पोचल्यावर पाऊस आला तर अर्धी मजुरी मागतोच ना! समोरच्यानं मुदत मागितली त्यातही यांचा दोष नाही. पण ज्या चार तारखांना त्यांनी स्वतः मुदत मागितली त्यांचं काय? त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि ते दोन हजार परत करतो म्हणाले. स्टॅम्प-टायपिंगच्या दोन हजारांपैकी खर्च दाखवता आला अकराशेचा. उरलेले नऊशे पुढच्या फीत धरले, तेही चिठ्ठीवर ताईची संमती घेऊन. इथून पुढे काम झालेल्या तारखेचेच पैसे आणि वर्षाला ठरावीक रकमेच्या वर नाही, असं ठरलं.

एकोणतीसशे रुपयांचा फरक पडला. साडेएकोणीस हजारांपुढे तो लहान आहे. पण पुढच्याच तारखेला अंतरिम अर्ज चालवायला घेतला, आणि दोन तारखांनंतर अंतरिम पोटगीचा आदेश झाला. हिशोब विचारल्यानं केस बिघडली नाही. उलट फाईल वर आली.

बोलून भागलं नाही तर

सगळीकडे असं सरळ होत नाही, म्हणून पुढचे रस्ते माहीत असावेत.

वकील बदलता येतो. जुन्या वकिलाचं ना-हरकत घ्यायची रीत आहे. तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मागता येते. ‘आधी बाकी फी द्या, मगच फाईल देतो’ असं म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या या वकिलानं सत्त्याण्णव हजारांच्या बाकीसाठी बँकेच्या फाईली अडवल्या होत्या. न्यायालय म्हणालं, फी बाकी असेल तर ती वसूल करायला दुसरे कायदेशीर मार्ग आहेत, अशिलाचे कागद धरून ठेवायचे नाहीत. बाकी असेल ती आपणही बुडवू नये, पण कागद आपले आहेत.

वकिलानं पैसे खाल्ले, खोटं सांगितलं, टक्केवारी घेतली, आलेली भरपाई दाबून ठेवली, तर तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चं कलम ३५ त्यासाठी आहे. शिस्तपालन समिती दोन्ही बाजू ऐकते. ती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, नाव कायमचं काढूही शकते. वर्षभरात तक्रार निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत तिथेच अपील करता येतं. पण एक लक्षात ठेवा. नुसतं ‘फी जास्त वाटली’ एवढ्यावर वकिलाला शिक्षा होत नाही, आणि आपले पैसे परत मिळवायला दिवाणी दाव्याचा वेगळा रस्ता धरावा लागतो. म्हणून फी आधी ठरवणं आणि वही ठेवणं हेच जास्त उपयोगाचं.

ग्राहक मंचात जाता येईल का, असं बऱ्याचजणी विचारतात. पूर्वी जाता येत होतं. २००७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तसं म्हटलं होतं. पण १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. तेव्हा तो रस्ता आता बंद आहे. कोणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

सही करण्याआधी

वकीलपत्र हा कागद आपण न वाचता सही करतो. त्यात बहुतेक वेळा आपल्या वतीनं तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचाही अधिकार छापलेला असतो. वाचून घ्या. पैसे स्वीकारण्याची ओळ नको असेल तर तसं सांगून खोडायला लावा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. भरपाईची रक्कम थेट आपल्या बँक खात्यात यावी असं सांगा, आणि आपलं पासबुक, एटीएम दुसऱ्याच्या हातात ठेवू नका.

आम्ही वकिलांच्या विरोधात बोलत नाही हे शेवटी सांगायला हवं. वऱ्हाडात वकिलीला मान आहे. शेतकऱ्यांसाठी आयुष्य घालवणारे डॉ. पंजाबराव देशमुख अमरावतीला वकिलीच करत होते. आजही गरीब बाईची केस फुकट चालवणारे वकील आपल्या भागात आहेत. त्यांना आपली वही पाहून आनंदच होईल. ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकली. पण घराबाहेर काढलेल्या बाईला ती पायरी चढावीच लागते. चढताना हातात वही असावी, एवढंच आमचं म्हणणं.

आमच्या गटात आता ठराव झाला आहे. कर्जाच्या कारणात ‘कोर्ट’ आलं की तीन प्रश्न विचारायचे. मोफत वकिलाचा अर्ज केला का? फी किती आणि कशी ठरली, लिहून घेतली का? मागच्या तारखेला काय झालं? उत्तरं मिळाली की कर्ज लगेच द्यायचं, अडवायचं नाही. आपल्या पुढच्या बैठकीत हा ठराव तुमच्याही वहीत लिहा.

आमच्या ताईचं गटाचं कर्ज अजून फिटायचं आहे. अंतरिम पोटगी कधी येते, कधी नवरा टाळतो. पण परवाच्या तारखेला ती एकटी गेली होती. संध्याकाळी फोन करून म्हणाली, “आज जज साहेब रजेवर होते. पैसे नाही देल्ले. वहीत लिवलं.”